शिंपला सापडला, पण तो जीवाश्म आहे का? कोकण किनाऱ्यावरच्या हौशी संग्राहकांसाठी

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की आमच्या पडवीत एखादी तरी पिशवी येतेच. आत अर्धा किलो वाळू, दोन-चार शंख आणि एक मळकट, जड शिंपला. "काका, हे फॉसिल आहे ना? कुठल्या जातीचं?" मी पिशवी बाजूला ठेवतो आणि विचारतो, "कशात रुतलेलं होतं?" बहुतेकांना ते आठवत नाही, आणि तिथेच निम्मी ओळख हातची गेलेली असते.

कोकणात शिंपल्याचं नाव शोधणं ही शेवटची पायरी. आधी तो कशात होता, मग तो किती जुना असू शकतो, आणि त्यानंतर तो कुणाचा. हा क्रम उलटा केला की परवा कुणीतरी तिसऱ्यांचं कालवण करून परसात टाकलेली टरफलं लाख वर्षांची ठरतात.

कोकणात जुने शिंपले असतात कुठे

आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा. त्यात समुद्री शिंपला मिळायचा नाही. काळ्या दगडात जे गोल, पांढरं, अंड्यासारखं किंवा शिंपल्यासारखं दिसतं, ते बहुधा लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळीत नंतर भरलेलं झिओलाइट किंवा गारेसारखं खनिज असतं. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या परिसरात दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत, पण तो गाळ गोड्या पाण्यातला.

सड्यावरच्या जांभ्याचीही तीच गत. जांभा तयार होतानाच पावसाचं पाणी दगडातला चुना धुऊन नेतं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात जांभ्यात शिंपला टिकणं अवघड. तरी जुन्या चिरेबंदी भिंतीत शिंपल्याचे तुकडे दिसतात आणि लोक हरखतात. ते तुकडे चिऱ्यात नसून दोन चिऱ्यांमधल्या चुन्यात असतात. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, आणि भट्टीत नीट न भाजलेला एखादा तुकडा तसाच भिंतीत जाई. रत्नागिरीकडे जांभ्याखाली मायोसीन काळातल्या चिकणमातीचे आणि लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे थर आहेत. विहीर खणताना काळं, कोळशासारखं लाकूड वर येतं ते त्यातलं. तिथली मुख्य दौलत झाडापानांची आहे.

मग शिंपले शोधायचे कुठे? मुख्य जागा तीन.

पहिली आणि सर्वांत चांगली जागा म्हणजे करल. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू, शिंपले, जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे गोटे चुन्याने सांधले जाऊन जो खडक बनतो, त्याला आपल्याकडे करल म्हणतात. मुंबईच्या मनोरी-एरंगळ पट्ट्यात तो आहे, आणि खाली दक्षिणेकडेही पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या कडेला तिरप्या फरशांसारखा जागोजाग उघडा पडलेला दिसतो. दुसरी जागा खाडीकाठचा काळा-करडा गाळ. खाजणाचा बांध, कोळंबीचा तलाव किंवा विहीर खणली की त्यात शिंपल्यांचा थर लागतो. तिसरी म्हणजे किनाऱ्यामागची जुनी वाळूची टेकाडं. तिथे मात्र फार सावध राहावं लागतं, कारण माणसांनी खाऊन टाकलेले शिंपलेही त्यातच असतात. राख, कोळसा, खापऱ्या आणि एकाच जातीचे शेकडो शिंपले एकत्र दिसले, तर ते कुणाच्या तरी जेवणाचं उरलंसुरलं. तिथे काही उचलू नका, तो पुरातत्त्वाचा प्रांत आहे.

यातलं बरंचसं साहित्य काही हजार वर्षांचं आहे, कोट्यवधी वर्षांचं नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती, म्हणजे आजच्या किनाऱ्यावर तेव्हा लाटच पोचत नव्हती. समुद्र पुन्हा वर आल्यावर जे साचलं तेच आपण बघतो. साधारण दहा हजार वर्षांहून जुन्याला जीवाश्म आणि त्याच्या आतल्याला उपजीवाश्म म्हणायची पद्धत आहे. 'उप' लागला म्हणून कुणी हिरमुसू नये. कच्छचे ज्युरासिक काळातले ट्रायगोनिया शिंपले किंवा तमिळनाडूतल्या अरियालूरचे क्रिटेशियस काळातले कालवांचे जीवाश्म आपल्या पुळणीवर मिळणार नाहीत. मिळालेच, तर ते कुणाच्या तरी खिशातून पडलेले. घराच्या फरशीतही फसगत होते. जैसलमेरच्या पिवळ्या हाबुर दगडात शिंपल्यांचे छेद स्पष्ट दिसतात आणि त्याचे कापून उरलेले तुकडे भरावातून कुठेही पोचतात.

निघण्याआधी

वेळ सुकतीची, म्हणजे ओहोटीची हवी. जुना हिशेब अजूनही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि पूर्ण सुकती नऊच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब जातं आणि सुकती सकाळी-संध्याकाळी येते. उन्हं तिरपी असतात, त्यामुळे करलावरच्या रेघाही उठून दिसतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत जाऊन फारसा उपयोग नाही. पाणी फिरलं की निघायचं. करलावर शेवाळ असतं आणि पाय घसरला तर कालवांची धार चपलेतूनही कापते.

बरोबर दहापट भिंग, मऊ ब्रश, मिलिमीटरची पट्टी, शिसपेन्सिल, वही आणि लहान-लहान पिशव्या. हातोडी मी नेत नाही. करलाचा अखंड थर फोडून काढलेला शिंपला बहुतेक वेळा तीन तुकड्यांत हाती येतो आणि थराला पडलेली जखम पुढच्या पावसाळ्यात वाढते. लाटांनी सुटून पडलेले तुकडे पुष्कळ असतात, तेच उचलावेत.

उचलण्याआधी फोटो: एक लांबून, एक जवळून पट्टी ठेवून. मग मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत. मग शिंपला थरात होता की सुटा पडला होता, उताणा होता की पालथा, दोन्ही झडपा, म्हणजे शिंपल्याची दोन्ही टरफलं, जुळलेल्या होत्या की एकच. जुळलेल्या झडपांना फार मोल आहे. शिंपलं मेलं की बिजागरीचा चिवट बंध आपणहून झडपा उघडतो आणि लाटा त्या वेगळ्या करतात. बंद जोडी सापडली, तर ते प्राणी जिवंतपणी किंवा मेल्यावर लगेच गाळात गाडलं गेलं असणार.

मी सुरुवातीला दोन पुळणींचे शिंपले एकाच पिशवीत भरून आणले होते. घरी येईपर्यंत कुठला कुठला ते विसरलो. सगळे पुढे तुळशीवृंदावनाभोवती मांडले. दिसतात छान.

जुना की नुसता मळका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

काळा रंग हा जुनेपणाचा पुरावा नाही. कांदळवनाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथे लोहाची सल्फाइडं तयार होतात आणि शिंपला थोड्याच काळात निळसर-काळा पडतो. तांबूस डागही तसेच, जांभ्याच्या मातीतलं लोह कालच्या शिंपल्यालाही रंगवतं. पांढरेपणाचंही तेच, दोन उन्हाळे वाळूवर पडलेली झडप खडूसारखी होते. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला म्हणजे जीवाश्म, असं सांगणारे भेटतात. फेस चुन्याचा असतो, आणि चुना ताज्या शिंपल्यातही तेवढाच असतो.

मग बघायचं काय? आधी ताजेपणाच्या खुणा शोधा. बाहेरच्या अंगावर तपकिरी, सालीसारखा पापुद्रा शिल्लक आहे? बिजागरीजवळ काळपट, रबरासारखा बंध चिकटलेला आहे? आत ओला चकाकता रंग आहे? यातलं काहीही असेल तर शिंपला आजचा. एकदा खाडीतल्या उपशाच्या ढिगातून मी काळेकुट्ट, जड शिंपले आणले आणि ऐटीत लेबलं लावली. भिंगाखाली खाचांत केसाळ पापुद्रा दिसला तेव्हा लेबलं गुपचूप काढून टाकली.

आता जुनेपणाच्या बाजूच्या खुणा. आत घट्ट सांधलेली वाळू भरलेली असते आणि ती नखाने सुटत नाही. दगडावर हलकेच आपटल्यावर चिनी मातीसारखा टणटणीत आवाज न येता बोदा येतो. मोडलेल्या कडेवर थर भुसभुशीत झालेले किंवा उलट स्फटिकासारखे चमकणारे दिसतात. एकट्या खुणेवर निकाल देऊ नका, तीन-चार जुळू द्या.

एक सावधगिरी करलाबाबतही. शिंपला खडकात आहे म्हणून तो फार जुना, हे तर्कट चालत नाही. असा किनारी खडक काही दशकांतही सांधतो. जगात कितीतरी ठिकाणी त्यात बाटल्यांच्या काचा अडकलेल्या सापडतात. तुमच्या तुकड्यात प्लास्टिकचा दोरा किंवा विटेचा तुकडा आहे का ते आधी बघा.

नक्की वय हवंच असेल तर कार्बन-१४ कालमापन. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं आणि पोच सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असल्यामुळे शिंपल्याचं वय खऱ्यापेक्षा जास्त भासतं आणि त्याची दुरुस्ती करावी लागते. हौशी माणसाच्या खिशाला ते झेपत नाही, पण संशोधकाला तुमच्या नमुन्यात रस वाटला तर तो कदाचित करेल. त्यासाठी नमुन्यावर गोंद, तेल, व्हार्निश काही लावलेलं नको.

द्विपुट आहे ना?

हे पटकन आटपू. द्विपुट म्हणजे दोन झडपांचा शिंपला. त्याच्या दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब असतात, पण एकच झडप घेतली तर तिची डावी-उजवी बाजू सारखी नसते, चोच, म्हणजे बिजागरीजवळचं टोक, एकीकडे झुकलेली असते. ब्रॅकिओपॉड नावाच्या प्राण्यात उलट असतं: प्रत्येक झडप मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धं जुळतं, पण वरची आणि खालची झडप वेगळी. कालवं हा नियम मोडतात, कारण ती दगडाला चिकटून मिळेल त्या आकारात वाढतात. टोपीसारखा एकच तुकडा, ना बिजागरी ना दात, तर ती खडपाला चिकटणारी गोगलगाय. आणि कुजलेल्या लाकडात चुन्याच्या नळ्या दिसल्या तर त्या किड्याच्या समजू नका. होड्या पोखरणारा तो 'किडा' मुळात द्विपुटच असतो.

आत बघा, बाहेर नंतर

बाहेरचा आकार आणि रंग फसवतात. झिजलेल्या शिंपल्याची खरी ओळखपाळख आतल्या बाजूला असते: बिजागरीचे दात, स्नायूंचे वण आणि प्रावाररेषा. प्रावार म्हणजे प्राण्याचं मऊ आच्छादन. ते झडपेला जिथे चिकटलेलं असतं तिथे काठाला समांतर एक बारीक रेघ उरते. शिंपला ओला करून टॉर्च आडवा धरला की ती दिसते.

झडप हातात घ्या, चोच वर, आतली बाजू आपल्याकडे. प्रावाररेषा एका बाजूला आत वळून खाच करते का? ही खाच म्हणजे प्राण्याच्या नळ्या आत ओढायची जागा. खाच असते ती प्राण्याची मागची बाजू. ती तुमच्या डावीकडे असेल तर झडप डावी, उजवीकडे असेल तर उजवी. खाच खोल असेल तर प्राणी वाळूत खोल राहणारं, नसेल तर वरवर राहणारं किंवा दगडाला चिकटणारं. नाव कळायच्या आधीच त्याचं राहणीमान कळतं. मला तरी या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

आता दात. बिजागरी सरळ लांब आणि तिच्यावर कंगव्यासारखे बारीक दात ओळीने असतील, बाहेर जाड उभ्या धारा असतील, तर अनाडाराचं कुळ. चिखलात राहतात, रक्त लाल असतं. झडप जाड असल्यामुळे जुन्या खाडीगाळात छान टिकते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, चुकायला जागा कमी.

चोचेखाली दोन-तीन ठळक दात आणि समोरच्या झडपेत त्यांच्या खोबणी, दोन वण, प्रावाररेषेला खाच, असं असेल तर आपल्या तिसऱ्यांचं व्हेनस कुळ. यात गोंधळ फार. गुळगुळीत, जाड, तिकोनी आणि खाच अगदी उथळ असेल तर मेरेट्रिक्स. लांबट, अंगावर काठाला समांतर कोरीव रेघा आणि खाच नीट दिसणारी असेल तर पाफिया किंवा त्याचा सोयरा. आडव्या-उभ्या रेघांनी दाणेदार झालेला असेल तर गॅफ्रेरियम. बाजारातली नावं इथे कामाची नाहीत. तिसऱ्या, मुळे, खुबे ही नावं गावागणिक सरकतात. एका खाडीतले खुबे पलीकडच्या काठावर तिसऱ्या होतात आणि दोन्हीकडच्या बायका आपलंच नाव खरं म्हणून भांडतात.

पाचरीसारखा लहान शिंपला, आतल्या काठाला करवतीसारखे दाते, तर डोनॅक्स, लाटा फुटतात त्या वाळूतला. पातळ, तिकोनी, चोचेखाली चमच्यासारखा खळगा आणि शेजारी उलट्या व्हीसारखा दात, तर मॅक्ट्रा. पातळ, चपटा, एका टोकाला किंचित मुरडलेला आणि खाच फार खोल, तर टेलिना. गोल, फुगीर, खाच मुळीच नाही आणि पुढचा वण जिभेसारखा लांब, तर लुसिना कुळ. टोकालाच चोच आणि आत मोतिया चमक असेल तर शिणाण्यांचा गोतावळा. पंख्याच्या आकाराचा, चोचेच्या दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे असतील तर पेक्टेन.

सपाट, काचेसारखा अर्धपारदर्शक आणि आत व्हीसारख्या दोन उभ्या कडा दिसल्या तर प्लाकुना प्लासेंटा, म्हणजे जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवायचे तो. तुकडासुद्धा ओळखू येतो.

कालवांना दात नसतात, स्नायूचा वण एकच आणि अंग पापुद्र्यांचं. करलात सर्वांत जास्त कालवंच का दिसतात, याचं कारण त्यांच्या चुन्यात आहे. कॅल्साइट आणि ॲरॅगोनाइट ही चुन्याचीच दोन रूपं. कालवाचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं. बाकी पुष्कळ शिंपल्यांचं ॲरॅगोनाइटचं, आणि ॲरॅगोनाइट पाण्यात लवकर विरघळतं. म्हणून थरात कालवंच जास्त दिसली तर "इथे कालवांचीच वस्ती होती" असा निष्कर्ष काढू नका. बाकीची विरघळून गेली असतील.

शिंपलाच नाही, नुसता ठसा आहे

ॲरॅगोनाइट गेलं की पोकळी उरते. आत भरलेली वाळू घट्ट झाली असेल तर तो आतला साचा. त्यावर वण आणि प्रावाररेषा दिसतात, पण बाहेरची नक्षी नसते. खडकात उमटलेली बाहेरची छाप म्हणजे बाहेरचा साचा, त्यात नक्षी उलटी. ती सुलट करायला मुलांच्या खेळण्यातली मऊ माती पुरते. छापेवर ब्रशने थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, माती दाबा आणि हळूच उचला. धारा मोजायच्या त्या या मातीवर. एकाच शिंपल्याचे दोन्ही साचे असतील तर एकाच पिशवीत ठेवा. लोक आतला साचा वेगळी जात समजून मोकळे होतात.

शिंपल्यावर गोल भोक असेल तर तेही टिपून ठेवा. कडा आत उतरती, बशीसारखी असेल तर वाळूत फिरणाऱ्या नॅटिका कुळातल्या गोगलगायीने पोखरलेलं. कडा सरळ असतील तर म्युरेक्स कुळाची शंका घ्यावी. आतल्या बाजूला किड्यांच्या चुनखडी नळ्या किंवा बार्नॅकल चिकटलेले असतील तर प्राणी मेल्यावर झडप बराच काळ उघडी पडून होती.

धुणं, ठेवणं, लेबल

ॲसिड नको, व्हिनेगर नको, लिंबूही नको. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून पाणी बदलत राहा. मीठ आत राहिलं तर सुकताना त्याचे स्फटिक वाढतात आणि शिंपला पापुद्रे सोडतो. उन्हात वाळवू नका, पडवीत सावलीला ठेवा. फारच भुसभुशीत असेल तर पॅरालॉइड बी-७२ ही राळ असिटोनमध्ये अगदी पातळ करून लावतात, पण आधी वय काढायचं नाही ना ते ठरवा.

लाकडी कपाटात संग्रह ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. लाकडातून आणि प्लायवूडमधून निघणाऱ्या आंबट वाफांनी शिंपल्यावर पांढरी भुकटी येते आणि तो हळूहळू खलास होतो. कोकणच्या दमट पावसाळ्यात हे आणखी लवकर होतं. प्लास्टिकचे डबे बरे. लेबल शिसपेन्सिलीने लिहा, शाई जुलैतच पसरते.

कायद्याचंही पाहावं लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्टांत काही शंख-शिंपल्यांची नावं आहेत. टायडॅक्ना हा महाशिंपला आणि खिडकीचा शिंपला ही त्यातली. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली, म्हणून जुन्या यादीवर विसंबू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे फक्त फोटो काढा. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या भिंतीतून चुन्यातला तुकडाही खरवडायचा नाही.

अडलंच तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातले आजचे शिंपले आधी बघून या. आजचा ओळखता आला की झिजलेला निम्मा सुटतो. जीवाश्मांसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि टेकाडातल्या खापऱ्यांसकट शिंपल्यांसाठी डेक्कन कॉलेज. नमुना पाठवण्याआधी फोटो पाठवा: बाहेरून, आतून, बिजागरीचा जवळून, आणि थराचा. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, पट्टीसह.

नाव कुठवर लिहायचं? जेवढं दिसतं तेवढंच. दात गेलेत पण खाच दिसते, तर "व्हेनस कुळ, प्रजाती अनिश्चित" असं लिहून ठेवा. माझ्या डब्यांत निम्म्याहून जास्त लेबलं अशीच आहेत, आणि प्रत्येकावर पहिल्या ओळीत नाव नाही, जागा आहे: करलाचा सुटा तुकडा, पुळणीचं उत्तर टोक, उधाणाची सुकती, झडप डावी.